बारी आणि नाका : गर्दीच्या नियोजनाची शिस्त

(पंढरपूर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंढरीच्या भूमीवर उभे राहून टोलनाक्याविषयी बोलायचे, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. या नगरीत बोलावे ते नामाविषयी, संतांविषयी, असा संकेत आहे. तथापि आषाढीला येथे येणारा वारकरी आता केवळ पायी येत नाही. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, एकादशीला पोहोचणारी जीपगाडी असते, आणि परतीच्या वाटेवर तर बहुतेक सगळा समाज एसटीत किंवा खासगी वाहनात बसलेला असतो. वीस दिवस चालत आलेला वृद्ध माणूस परतताना नाक्यावरील रांगेत तास-दीड तास खोळंबून राहत असेल, तर तो प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही, तुमचा-आमचाही आहे.

टोल असावा की नसावा, हा वाद मी आज बाजूला ठेवणार आहे. तो वाद महाराष्ट्राने पुष्कळ केला आहे. २०१५ साली राज्य शासनाने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी यांना सूट दिली. कोल्हापूरकरांनी प्रदीर्घ आंदोलन केल्यावर त्याच वर्षअखेरीस तेथील शहरांतर्गत टोल रद्द झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. हे सारे धोरणाचे निर्णय होत. परंतु जोवर रस्त्यावर नाका उभा आहे, तोवर तेथे माणसाचा वेळ वाया जाऊ नये, एवढी अपेक्षा टोलच्या समर्थकालाही मान्य व्हावी आणि विरोधकालाही. आज मी एवढ्यापुरतेच बोलणार आहे.

दर्शनबारीचा धडा

रांगेचे शास्त्र शिकण्यासाठी पंढरपूरकराला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गावाइतका रांगेचा अनुभव फार थोड्या गावांना असेल. आषाढीत पदस्पर्श दर्शनाची बारी मंदिरापासून निघून गोपाळपूरच्या दिशेने कित्येक किलोमीटर लांबते. गाभाऱ्यात एका वेळी मोजकीच माणसे उभी राहू शकतात. ते दार काही रुंद करता येत नाही. मग परंपरेने काय केले? तीन गोष्टी केल्या, आणि त्या तिन्ही ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, सेवेचा काळ वाढवला. यात्रेपूर्वी देवाचा पलंग काढतात, विठ्ठलाला लोड आणि रुक्मिणीमातेला तक्क्या देतात, आणि मंदिर दर्शनासाठी चोवीस तास खुले राहते. भक्तांची गर्दी वाढली, तेव्हा देवाने आपली निद्रा सोडली, असा त्याचा भाव आहे. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि देवाचा शिणवटा काढला जातो. श्रद्धेच्या भाषेत हे वात्सल्य आहे. व्यवस्थापनाच्या भाषेत हेच मागणीनुसार क्षमता वाढवणे आहे.

दुसरी गोष्ट, गरजेनुसार मार्ग वेगळे केले. ज्याला चरणांवर मस्तक ठेवायचे आहे, तो पदस्पर्शाच्या बारीत जातो. ज्याला वेळ नाही वा प्रकृती साथ देत नाही, तो मुखदर्शन घेतो. दोन्ही प्रकारचे भाविक एकाच रांगेत मिसळले, तर दोघांचाही खोळंबा होतो.

तिसरी गोष्ट, गर्दी दाराशी पोहोचण्यापूर्वीच ती विभागली. एसटी महामंडळाचे उदाहरण घ्या. आषाढीसाठी अलीकडच्या वर्षांत पाच हजारांच्या आसपास वा त्याहून अधिक विशेष गाड्या सुटतात. त्या सगळ्या एकाच स्थानकात आणल्या, तर गाव दोन तासांत ठप्प होईल. म्हणून चंद्रभागा, भीमा, विठ्ठल कारखाना आणि पांडुरंग अशी चार यात्रास्थानके उभारली जातात, आणि कोणत्या प्रदेशाची गाडी कोठे थांबेल, हे आधीच ठरलेले असते. खानदेशातून आलेल्या माणसाला आपली गाडी कोठे लागेल हे ठाऊक असते. कोल्हापूरकराला आपली जागा ठाऊक असते. वर्गवारी गावाबाहेरच होते, चौकात होत नाही.

काळ वाढवणे, मार्ग वेगळे करणे आणि दाराच्या अलीकडे वर्गवारी करणे, या तीन तत्त्वांवर जगातील कोणताही टोलनाका नीट चालवता येतो. नाक्यांवर जे बिघडते, ते बहुधा या तिन्हींपैकी एखादे विसरल्यामुळेच बिघडते.

रांग वाढते कशी?

आता थोडा हिशेब करू. गणिताने घाबरून जाऊ नये; हा हिशेब दुकानदारालाही समजेल असा आहे.

समजा, एका मार्गिकेतून एक वाहन पार होण्यास सरासरी दहा सेकंद लागतात. म्हणजे तासाला ३६० वाहने जाऊ शकतात. वाहने काही घड्याळ लावून येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी अर्धा मिनिट कोणीच येत नाही. प्रत्येक वाहनाला लागणारा वेळही सारखा नसतो. अशा वेळी तासाला १८० वाहने आली, म्हणजे निम्मी क्षमता वापरली गेली, तर प्रत्येकाचे सरासरी वीस सेकंद जातात. २८८ वाहने आली, म्हणजे ऐंशी टक्के क्षमता वापरली गेली, तर पन्नास सेकंद. नव्वद टक्क्यांना शंभर सेकंद. आणि पंचाण्णव टक्क्यांना दोनशे सेकंद! ऐंशीवरून पंचाण्णवपर्यंत वाहने वाढली ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी. परंतु थांबण्याचा काळ चौपट झाला. ‘कालपर्यंत सगळे सुरळीत होते, आज थोडीच गाडी वाढली आणि एवढी कोंडी कशी?’ असे नाक्यावरचा माणूस विचारतो, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. काठोकाठ भरलेल्या भांड्यात शेवटचे चार थेंबच सांडतात.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. एका नाक्यावर एका दिशेला पाच मार्गिका उघड्या आहेत आणि प्रत्येकीतून तासाला ३०० वाहने जातात असे धरू. एकूण क्षमता १,५०० झाली. द्वादशीच्या सकाळी तासाला १,८०० वाहने येऊ लागली. पहिल्या तासाच्या अखेरीस ३०० वाहने अडकून पडतील; प्रत्येक मार्गिकेत साठ. एका वाहनाला सात मीटर जागा धरली, तरी रांग चारशे मीटरच्या पुढे जाते. आता नाक्याच्या व्यवस्थापकाला जाग येते आणि तो सहावी मार्गिका उघडतो. क्षमता १,८०० झाली; येणारी वाहनेही १,८०० आहेत. म्हणजे रांग वाढायची थांबली, पण कमी झाली का? मुळीच नाही. ती ३०० वाहनांची रांग तशीच उभी राहील आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाला दहा मिनिटे थांबवील. गर्दी पुढे चार तास टिकली, तर चार तास हीच अवस्था. ती रांग मोडायची असेल, तर सातवी मार्गिका उघडावी लागेल, आणि तरीही ती मोडण्यास आणखी एक तास लागेल.

म्हणजे सहावी मार्गिका गर्दीच्या आधी उघडली असती, तर एवढी रांग साचलीच नसती. एक तास उशिरा उघडल्यामुळे तेच मनुष्यबळ आणि तीच जागा निष्प्रभ ठरली. त्या चार तासांत वाहनांचे एकूण १,२०० तास वाया गेले. वाहनात सरासरी सहा माणसे धरली, तर मनुष्यांचे ७,२०० तास, म्हणजे अहोरात्र मोजले तर ३०० दिवस! हे सारे कशापायी? एक खिडकी एक तास उशिरा उघडल्यापायी. मार्गिका किती आहेत, यापेक्षा ती केव्हा उघडली, याला अधिक मोल आहे.

शास्त्र जुने, उपयोग अपुरा

हे शास्त्र नवे नाही. डेन्मार्कमधील ए. के. एरलांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रावरील वर्दळीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून रांगेचे गणित रीतसर सुरू झाले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणातील लेस्ली एडी यांनी हेच गणित टोलनाक्यांना लावले. जॉर्ज वॉशिंग्टन पूल आणि लिंकन बोगदा येथील नाक्यांवर त्यांनी वाहने मोजली, थांबण्याचा काळ मोजला, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती खिडक्या उघड्या हव्यात, हे आधीच सांगता येते, हे दाखवून दिले. त्यापूर्वी हे काम पर्यवेक्षकाच्या अंदाजावर चालत असे. वेळापत्रक आधी ठरल्यामुळे कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या वेळाही आधी ठरू लागल्या. कमी खर्चात अधिक चांगली सेवा देता येते, हे या अभ्यासातून सिद्ध झाले आणि त्या क्षेत्रातील लँचेस्टर पारितोषिक पहिल्यांदा त्यांनाच मिळाले.

आपल्याकडेही या विषयाची जाण फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि चार-पाच जणांनी येणाऱ्या व्यापाऱ्याची नोंद घ्यावी, तो कोण, कोठला, माल किती, मुद्रा कोठे उमटवली, असा तपशील तेथे दिला आहे. दुरून दिसणारी खूण आणि एकाऐवजी चार-पाच माणसे! नाका ओळखता यावा आणि काम वाटले जावे, याचा विचार तेव्हाही झालेला होता.

फास्टॅगने काय साधले, काय राहिले

आजच्या परिस्थितीकडे वळू. फास्टॅगचा प्रारंभ २०१४ मध्ये झाला आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिकांत तो अनिवार्य झाला. त्याचा लाभ निर्विवाद आहे. २०१८-१९ मध्ये नाक्यावर सरासरी आठ मिनिटे थांबावे लागत असे. २०२०-२१ पासून हा काळ ४७ सेकंदांवर आला, असे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. चिल्लरीची हुज्जत, पावतीची वाट, ‘सुट्टे द्या’ हा पुकारा, यांतून समाज बऱ्याच अंशी सुटला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून फास्टॅग नसलेल्या वा न चाललेल्या वाहनाला रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट आकारणी असा नियम आला, त्यामागेही खिडकीवरील वेळ वाचवण्याचाच हेतू होता.

परंतु ‘सरासरी’ या शब्दापाशी सावध राहिले पाहिजे. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, म्हणून कोणी डोहात उतरत नाही. ४७ सेकंद ही सरासरी आहे. द्वादशी हा सरासरी दिवस नाही. बहुतेक दिवस नाका रिकामा असतो आणि वर्षातील मोजक्या दिवशी तेथे पूर येतो. समाजाला आठवण राहते ती पुराची.

मे २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने एक स्वागतार्ह निकष घालून दिला होता. गर्दीच्या वेळीही प्रत्येक वाहनाला दहा सेकंदांहून अधिक काळ लागू नये, रांग शंभर मीटरच्या पुढे जाऊ नये, त्यासाठी प्रत्येक मार्गिकेत शंभर मीटरवर पिवळी रेषा आखावी, आणि रांग तिच्या पलीकडे गेल्यास ती आत येईपर्यंत वाहने विनाशुल्क सोडावीत. २०२४ मध्ये विनाशुल्क सोडण्याची ही तरतूद मागे घेण्यात आली आणि त्याऐवजी सुमारे शंभर नाक्यांवरील रांगेवर उपग्रह-नकाशाधारित संगणकप्रणालीने लक्ष ठेवण्याचे ठरले. लक्ष ठेवणे चांगलेच. परंतु त्या पिवळ्या रेषेत एक मर्म होते. रांगेची जबाबदारी ती रांगेतील माणसावर न टाकता नाका चालवणाऱ्यावर टाकत होती. सवलत गेली तरी ते मर्म जाऊ नये. किमानपक्षी रांग पन्नास मीटरला पोहोचली की पुढील मार्गिका उघडायचीच, असा अंतर्गत दंडक प्रत्येक नाक्याला घालून घेता येईल. रांग शंभर मीटर झाल्यावर धावाधाव करणे म्हणजे वर सांगितलेली सहावी मार्गिका उशिरा उघडणे होय.

पंचांग हाच उत्तम अंदाज

गर्दी अचानक आली, असे नाक्यावरील अधिकारी पुष्कळदा सांगतात. महामार्गावर अपघात झाला, तर हे म्हणणे मान्य करता येईल. परंतु आषाढी अचानक कशी येईल? चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चारही वाऱ्यांच्या तिथी पंचांगात आधीच छापलेल्या असतात. मागणीचा एवढा पक्का अंदाज जगातील किती नाक्यांना उपलब्ध असेल?

येथे एक बारकावा आहे. नाक्याचा संगणक मागील वर्षाच्या त्याच इंग्रजी तारखेची आकडेवारी पुढे करतो. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. तारखेवरून तुलना केली, तर गर्दीचा दिवस रिकामा आणि रिकामा दिवस गर्दीचा दिसेल. अधिक मास आला की अंतर आणखी वाढते. २०२६ मध्ये एकादशी थेट २५ जुलैला. म्हणून आपल्या परिसरातील नाक्यांनी वाहनांची नोंद तिथीनुसारही ठेवली पाहिजे. दशमीला किती वाहने आली, द्वादशीला पहाटे किती परतली, पौर्णिमेनंतर किती, अशी पाच वर्षांची वही तयार झाली, तर सहाव्या वर्षी मार्गिकांचे वेळापत्रक घरबसल्या आखता येईल.

जाणे आणि येणे यांतील फरकही ध्यानात घ्यावा. आषाढीला येणारा समाज अनेक दिवसांत विभागलेला असतो. पालख्या टप्प्याटप्प्याने येतात. परतणारा समाज मात्र द्वादशीचे पारणे झाले की एकदम निघतो. पुण्याकडे जाणारी वाहने टेंभुर्णीहून महामार्गाला लागून सरडेवाडी आणि पाटसच्या नाक्यांवर पोहोचतात. सोलापूरकडे जाणाऱ्यांना मोहोळनंतर सावळेश्वर लागते. म्हणजे दशमीला नाक्याची एक बाजू तुंबते आणि द्वादशीला दुसरी. अशा वेळी मधल्या दोन-तीन मार्गिका दोन्ही दिशांना चालतील अशा हव्यात. दशमीला त्या येणाऱ्यांना द्याव्यात, द्वादशीला जाणाऱ्यांना. नवी जागा लागत नाही, नवे बांधकाम लागत नाही. फास्टॅग वाचणारे यंत्र दोन्ही तोंडांना असावे, दिशादर्शक दिवे असावेत, आणि बदलाच्या वेळी मार्गिका रिकामी करून, पोलिसांच्या उपस्थितीत शंकू लावून दिशा बदलावी. समोरासमोर धडक होणार नाही याची काळजी घेतली, तर हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

माफीची चिठ्ठी आणि तिचा खोळंबा

आता एका नाजूक विषयाकडे येतो. २०२२ पासून राज्य शासन आषाढीच्या काळात पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांच्या व वारकऱ्यांच्या वाहनांना पथकर माफ करते. परिवहन कार्यालय वा पोलीस यांच्याकडून पास घ्यायचा आणि तो वाहनाच्या काचेवर लावायचा, अशी ही पद्धत. निर्णयामागील भावना स्तुत्य आहे. परंतु व्यवहार पाहा. पैसे देणारे वाहन फास्टॅगमुळे काही सेकंदांत पार होते. माफी असलेल्या वाहनाचा पास माणसाला वाचावा लागतो, वाहनक्रमांक ताडून पाहावा लागतो, दिनांक पाहावा लागतो. आणि यंत्राने तेवढ्यात फास्टॅग वाचून पैसे कापले, की परताव्याची हुज्जत सुरू होते. ज्याच्यासाठी माफी, त्यालाच अधिक थांबावे लागते, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या इतरांनाही.

यावर उपाय दर्शनबारीनेच शिकवला आहे: वर्गवारी दाराच्या अलीकडे करावी. पास देतानाच वाहनाचा क्रमांक आणि फास्टॅग यांची नोंद प्रणालीत करून त्या मुदतीपुरते ते वाहन माफीच्या यादीत घालावे. मग नाक्यावर तपासायला काही उरत नाही. यंत्र टॅग वाचते, शून्य आकारणी करते आणि दांडा वर जातो. सूट असलेल्या वाहनांसाठी फास्टॅगमध्ये वेगळा प्रकार आजही आहे. तीच व्यवस्था मुदतबंद करायची आहे. हे होईपर्यंत निदान एवढे करावे की, पासधारक वाहनांची मार्गिका वेगळी असावी, तिचा फलक नाक्यापाशी नव्हे तर किलोमीटरभर आधी लावावा, आणि पास पाहणारा माणूस खिडकीत न बसता दांड्याच्या शंभर पावले अलीकडे उभा असावा.

याबरोबर पासाचा गैरवापर होऊ नये, हेही समाजानेच पाहिले पाहिजे. सहलीला निघालेल्या गाडीने वारकऱ्याचा पास लावणे ही चतुराई नव्हे, वारीशी केलेली प्रतारणा आहे.

नाक्यावरची माणसे

नाक्यावरील कर्मचारी हा या चर्चेत नेहमी विसरला जातो. दर त्याने ठरवलेला नसतो, मार्गिका त्याने बंद ठेवलेली नसते. परंतु शिव्या त्यालाच खाव्या लागतात. पाळी बदलण्याची वेळ सकाळी आठची असेल आणि द्वादशीची गर्दी साडेसातला वाढत असेल, तर ऐन गर्दीत खिडक्या पंधरा-पंधरा मिनिटे मोकळ्या राहतात. पाळीची वेळ त्या दिवसांपुरती मागेपुढे करणे एवढे साधे काम कागदावर आधी झालेले नसते. जादा मनुष्यबळ, पिण्याचे पाणी, सावली, टॅग न चालल्यास ते वाहन बाजूला घेण्यासाठी स्वतंत्र थांबा आणि हातात धरून टॅग वाचण्याचे यंत्र घेतलेले दोन कर्मचारी, एवढी तजवीज असली की अर्धी कोंडी टळते. एक अडलेले वाहन मार्गिका दोन मिनिटे रोखते, तेव्हा मागील बारा वाहनांचा वेळ खाते. ते बाजूला घेणे हेच पहिले कर्तव्य. आणि रुग्णवाहिकेची मार्गिका कितीही गर्दी असली तरी मोकळीच राहिली पाहिजे. ती आपत्कालीन आहे, मान्यवरांच्या सोयीची नव्हे.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांना मी तीन कामे सुचवतो. एक, रहदारी नियंत्रित करणे हे पोलिसांचे काम आहे. शिट्टी घेऊन आपण मध्ये उभे राहू नये. पोलिसांनी सांगितले तेथे, सांगितले तेवढेच साहाय्य करावे. दोन, मोजणी करावी. दशमी ते पौर्णिमा प्रत्येक तासाला किती मार्गिका उघड्या होत्या आणि रांग कोठवर होती, याची वही चार स्वयंसेवक सहज ठेवू शकतात. अशी वही घेऊन जिल्हा प्रशासनापुढे गेलेल्या माणसाचे म्हणणे ऐकावेच लागते. घोषणा विसरल्या जातात, आकडे राहतात. तीन, दिंडीप्रमुखांशी एक महिना आधी बोलून त्यांच्या वाहनांचे पास, टॅगमधील शिल्लक आणि परतीची वेळ ठरवून घ्यावी.

कुटुंबांनाही काही सांगायचे आहे. निघण्यापूर्वी टॅगमध्ये पुरेशी रक्कम आहे ना, बँकेची ओळखपडताळणी पूर्ण आहे ना, हे पाहावे. रांगेत असताना दर मिनिटाला मार्गिका बदलू नये. त्याने आपला वेळ वाचत नाही, सर्वांचा वाढतो. परतण्याची घाई नसेल, तर पारण्यानंतर लगेच न निघता दुपार उलटू द्यावी. हजार वाहनांनी एवढा विवेक दाखवला, तरी नाक्यावरील एका मार्गिकेचे तीन तासांहून अधिक काम हलके होते.

दांडा गेला तरी शिस्त राहो

येत्या काळात नाकेच राहणार नाहीत, असे काही जण म्हणतील. गुजरातमधील चोर्यासी येथे अडथळाविरहित टोलवसुलीसाठी २०२५ मध्ये करार झाला. वाहन न थांबता जाईल, वरील कॅमेरा आणि यंत्र त्याची नोंद घेईल. ही प्रणाली सर्वत्र आली, तर आनंदच आहे. आळंदी व देहूहून येणारे दोन्ही पालखीमार्ग, ज्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, तेही वाहतुकीचा वेग वाढवतील. परंतु एका ठिकाणी सुटलेली गर्दी पुढील अरुंद ठिकाणी जमते, हा नियम आहे. नाक्यावर न थांबलेली वाहने पंढरपूरच्या वेशीवर, पुलावर आणि वाहनतळावर एकाच वेळी येऊन धडकतील. तेव्हा मोजणी, अंदाज, वर्गवारी आणि वेळेवर दार उघडणे ही शिस्त तेथेही लागेलच.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. रथाच्या पुढे कोणती दिंडी, मागे कोणती, तिचा क्रमांक कोणता, हे सारे ठरलेले असते. लाखो माणसे चालतात, पण समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर गेला की सारा तळ शांत होतो. तेथे दंड उचलला जातो तो अडवण्यासाठी नव्हे, एकत्र ठेवण्यासाठी. ज्या समाजाला ही शिस्त पायी चालताना साधली, त्याला ती चार चाकांवर साधणार नाही, असे मला वाटत नाही. आपण वही आणि पंचांग हाती घेऊन कामाला लागू या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.